थरावर थर : मिश्र माध्यमातील चित्रनिर्मितीचा विचार



ज्या कलाशिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेले कितीतरी जण आज समोर बसले आहेत. अशा जाणत्या सभेपुढे चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार कितपत, हा प्रश्न मी चालकांच्या भरवशावर सोडून देतो आणि त्यांनी दिलेल्या मानाबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. विषय निवडण्याची मुभा मला होती. मिश्र माध्यमातील, थरावर थर चढवून केलेल्या चित्राचा विषय मी निवडला तो अशासाठी, की या प्रकाराविषयी आपल्याकडे दोन गैरसमज शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक असा, की हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे. आणि दुसरा असा, की ज्याला रेखाटन साधत नाही तो कागदाचे कपटे चिकटवून आपली सुटका करून घेतो. या दोहोंचा परामर्श घेता घेता मला आज एकच गोष्ट मांडावयाची आहे. थरांच्या चित्रात झाकणे ही मुख्य क्रिया असते. परंतु जे झाकले गेले ते संपले असे तेथे कधीच होत नाही. खालचा थर वरच्या थराला जाब विचारीत राहतो, आणि त्या जाबाला जो चित्रकार समर्पक उत्तर देतो त्याचेच चित्र उभे राहते.

महसुली दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे चटकन पटेल. जमिनीचा धारक बदलला म्हणजे सातबाऱ्यावरचे जुने नाव नाहीसे केले जात नाही. फेरफाराची नोंद मंजूर होते, जुन्या नावाला कंस पडतो आणि नवे नाव दाखल होते. कंसातल्या नावाला मालकी उरलेली नसते; तथापि नव्या नावाची मालकी कोठून आली याचा पुरावा तेच देत असते. थरांच्या चित्रातील खालच्या थराची स्थिती नेमकी अशी आहे.

१

पहिल्या गैरसमजाविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण अजिंठ्याची भिंतच त्याचे उत्तर देते. लेण्यांतील कातळ छिन्नीने खडबडीत ठेवलेला, त्यावर माती, शेण, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला जाड गिलावा, त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा हात, त्यावर चुन्याची पातळ सफेती, आणि या सर्वांवर कोरड्या भिंतीवर सरस-डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी ही रंगद्रव्ये जवळपासच्या भूमीतून आणि चुलीतून मिळत. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द सह्याद्रीच्या या घळीपर्यंत प्रवास करून येई. प्रथमचे रेखाटन लाल रेषेत होई, त्यावर रंग भरले जात, आणि रंगाखाली बुजलेली रेषा पुन्हा एकदा ठळक काढली जाई. म्हणजे ज्या रेषेचे आपण कौतुक करतो ती बहुधा दुसरी रेषा असते. पहिली तिच्याखाली झाकलेली असून दुसरीने तिचे किती ऐकावयाचे हे चित्रकाराने तेथल्या तेथे ठरविलेले असते.

दुसरे उदाहरण तळहातावर मावण्याजोगे आहे. सावंतवाडीचा गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. जुन्या पद्धतीचे पान एका हाताने उभे होत नसे: कापड, त्याला चिंचोक्याच्या खळीचा ताठपणा, त्यावर पांढरा लेप, तो गुळगुळीत होईपर्यंत घोटणे, त्यावर चित्र, आणि शेवटी लाखेचे कवच. खळ कमी पडली तर पान लवते, घोटाई कमी पडली तर रेघ फुटते, लाख जास्त झाली तर पान पानाला चिकटते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी ही मावळू लागलेली कला राजवाड्यातच आश्रय देऊन पुन्हा उभी केली, हे त्यांचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. थरांची विद्या आपल्या मातीत नव्हती असे ज्यांना वाटते त्यांनी ते एक पान हातात घेऊन उलटून पाहावे.

२

मग विसाव्या शतकात युरोपात नवीन असे काय घडले? माझ्या मते नवीन घडले ते एवढेच, की जो थर आजवर चित्राचा सेवक होता त्याला चित्रात बोलण्याचा अधिकार मिळाला. १९१२ च्या वसंतात पिकासोने एका लंबवर्तुळाकार कॅनव्हासवर वेताच्या जाळीची नक्षी छापलेले मेणकापड चिकटविले, त्याच्या आजूबाजूला तैलरंगात वस्तू रंगविल्या आणि चौकट म्हणून भोवती खराखुरा दोर बसविला. येथे मौज पाहा: जाळी वेताची नाही, ती छापील नक्कल आहे, वस्तू रंगविलेल्या, म्हणजे तीही नक्कलच, आणि दोर मात्र खरा, तरी त्याचे काम लाकडी चौकटीची नक्कल करण्याचे! सत्यासत्याच्या तीन प्रती एकाच पृष्ठावर शेजारी आल्या आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला प्रत्येकीची वेगळी छाननी करणे भाग पडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राकने आव्हिन्यो येथील एका दुकानात लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतीचा कागद पाहिला, तो विकत घेतला, त्याचे तुकडे कागदावर चिकटवून वर कोळशाने रेखाटन केले. लाकडाचा पोत कागदाने सांगितला, फळांच्या भांड्याचा आकार रेषेने सांगितला. रंग आणि आकार यांची शतकानुशतकांची जोडी अशा रीतीने फुटली आणि दोघेही स्वतंत्र कारभार पाहू लागले.

पहिल्या महायुद्धानंतर हानोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स याने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. ट्रामची तिकिटे, वेष्टने, फाटकी जाहिरात, लाकडाचे तुकडे, असा रस्त्यावरचा टाकाऊ ऐवज त्याने चित्रात आणला, आणि पुढे तर राहत्या घरातच थरावर थर रचीत एक संपूर्ण वास्तू उभी केली. १९३७ साली त्याला जर्मनी सोडावी लागली. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ती वास्तू नष्ट झाली. त्याचे कपट्यांचे छोटे कागद मात्र आजही संग्रहालयांतून शाबूत आहेत. मोडक्या राष्ट्राचे तुकडे जमवून त्यांतून सुसंगती शोधणाऱ्या या माणसाला खेळिया म्हणून उडवून लावणाऱ्यांनी त्याच्या एखाद्या कागदासमोर थोडा वेळ उभे राहावे; एकही तिकीट तेथून हलविता येत नाही असे त्यांना आढळेल.

३

आता निर्मितीच्या प्रत्यक्ष क्रियेकडे वळतो, कारण सौंदर्यशास्त्राची चर्चा पुष्कळ होते आणि खळीची फारशी होत नाही. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आकसतो. आकसताना तो आपल्या खालच्या पुठ्ठ्याला ओढतो आणि पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून जाणता कारागीर पुढच्या बाजूस कागद चिकटविला की मागच्या बाजूसही तेवढाच कागद चिकटवून ओढीचा समतोल साधतो. प्रेक्षकाला कधीच न दिसणारा हा थर चित्राला सरळ उभे ठेवतो. खळ मध्यापासून कडांकडे पसरावयाची, म्हणजे अडकलेली हवा बाहेर निघते. पतंगी कागदाचा रंग पाण्यात सुटतो; तो सुटू द्यावयाचा असेल तर खळ पातळ ठेवावी, अडवावयाचा असेल तर आधी त्यावर अॅक्रिलिकचा पारदर्शक हात फिरवावा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो, त्यातील लिग्निनमुळे उजेडात तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. ब्राक-पिकासोंच्या चित्रांतले वर्तमानपत्र आज ज्या तपकिरी छटेचे दिसते ती छटा त्यांनी निवडलेली नव्हती, ती काळाने घातलेली भर आहे.

वाळण्याच्या मुदतीचेही शास्त्र आहे. अॅक्रिलिक वाळते ते त्यातील पाणी उडून गेल्याने, आणि हे काम काही तासांत आटोपते. तैलरंग वाळतो तो जवसाच्या तेलाने हवेतील प्राणवायू शोषून घेतल्याने, आणि ही क्रिया महिनोन्महिने चालते. म्हणून वाळलेल्या अॅक्रिलिकवर तैलरंग चढविता येतो; उलट क्रम केला तर वरचा थर खालच्याला धरत नाही आणि कालांतराने पोपडे सुटतात. तैलरंगातही वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा कमी असू नये, नाही तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि पृष्ठाला तडे जातात. हे नियम कोणा अकादमीने घातलेले नाहीत. ते द्रव्याचे स्वभाव आहेत, आणि द्रव्याच्या स्वभावापुढे प्रतिभेची शिफारस चालत नाही.

या संदर्भात अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांची अहमदाबादची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७५ साली ते तेथे आले आणि साबरमतीच्या गांधी आश्रमातील हातकागदाच्या गिरणीत कारागिरांबरोबर त्यांनी काम केले. तेथे त्यांनी कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडू, डिंक आणि मोरचूद पाण्यात कालवून एक चिखल सिद्ध केला आणि त्यापासून आकृती घडविल्या; बांबूच्या कामट्या हातकागदात गुंफूनही काही कृती केल्या. मोरचुदाचे नाव ऐकून आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांना नवल वाटणार नाही, कारण कीड लागू नये म्हणून ते आपल्या खळीत चिमूटभर मोरचूद घालीतच असत. आणि चिंचोक्याची खळ तर घोंगडीला ताठपणा देणाऱ्या आपल्या विणकरांच्या रोजच्या वापरातली. जगप्रसिद्ध कलावंत आणि गावचा कारागीर यांची भेट येथे कोठल्याही तत्त्वज्ञानाच्या आधी खळीच्या भांड्यावर झाली, यात मला मोठा अर्थ दिसतो.

द्रव्याचे नियम पाळूनही चित्र होतेच असे नाही, कारण त्यानंतर निर्णयाचा भाग सुरू होतो. पहिला थर मोकळेपणाने घालता येतो. त्या वेळी कोणी साक्षीदार नसतो. दुसऱ्या थरापासून मात्र प्रत्येक हालचाल खाली जे आहे त्याच्या संदर्भात करावी लागते. येथे बहुतेक चित्रकारांना एकच अडचण गाठते, आणि ती अशी, की खालच्या थरातली एखादी जागा फार सुंदर जमून गेलेली असते. तिला हात लावण्याचे धैर्य होत नाही. मग उरलेले सारे चित्र त्या जागेभोवती जपून वागू लागते, आणि एका कोपऱ्याच्या लाडापायी संपूर्ण पृष्ठ लाचार होऊन बसते. ती जागा झाकण्याची तयारी ज्याच्या मनात आहे तोच पुढे जाऊ शकतो. झाकल्यानंतर काचकागदाने घासून, सुरीने खरवडून किंवा ओला कागद ओढून काढून तिचा काही अंश पुन्हा वर आणता येतो. पण तो परत आलेला अंश पूर्वीचा नसतो. त्याच्या कडा वरच्या थराने ठरविलेल्या असतात. थांबावे कोठे, याचेही उत्तर येथेच आहे: पृष्ठावरील प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळाले आणि पुढचा थर केवळ हौसेपोटी घालावा लागेल अशी वेळ आली, की हात आवरावा.

४

या विवेचनाला एका मराठी चित्रकाराच्या कामाचा आधार देतो, आणि तो देताना मला थोडी खंतही वाटते, कारण मोहन सामंत हे नाव त्यांच्या योग्यतेच्या मानाने आपल्याकडे फारच थोड्यांच्या ओठांवर आहे. १९२४ साली जन्मलेले सामंत मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शंकर पळशीकरांच्या हाताखाली शिकून १९५२ साली पदविकाधारक झाले आणि प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या मंडळाशी त्यांचा संबंध आला. पुढे इटलीची शिष्यवृत्ती, नंतर रॉकफेलर निधीच्या साहाय्याने न्यूयॉर्कमधील वास्तव्य, आणि १९६८ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच कायमचे राहणे, असा त्यांचा जीवनक्रम. त्यांचे १९६३ चे ‘ग्रीन स्क्वेअर’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. त्यात कॅनव्हासवर रंगाबरोबर वाळू आहे. वाळू मिसळलेला रंग प्रकाश परतवीत नाही, तो कणाकणांत अडवून धरतो. त्यामुळे रंगाचे क्षेत्र एखाद्या उकरलेल्या भिंतीसारखे जड भासते.

पुढे सामंतांनी कापून काढलेले कागदी आकार आणि वाकविलेल्या तारेची रेखाटने चित्रात आणली. तारेचे वैशिष्ट्य असे, की ती पृष्ठापासून किंचित पुढे उभी असते आणि म्हणून तिची सावली मागच्या रंगावर पडते. शाईची रेषा एकदा काढली की स्थिर. तारेच्या रेषेला मात्र एक सोबतीण असते, आणि खिडकीतला उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकतो तशी ती सोबतीणही सरकते. म्हणजे शेवटचा थर चित्रकाराने घातलेलाच नाही! तो दिवसाच्या उजेडावर सोपवलेला आहे; परंतु तारेला कोठे किती बाक द्यावा आणि ती पृष्ठापासून किती अंतरावर ठेवावी हे ठरवून त्या उजेडाला काय करता येईल याची तजवीज चित्रकारानेच केलेली आहे. जैन पोथ्यांतील आकृती, बसोहलीची लघुचित्रे, इजिप्तच्या भिंती, हे सारे त्यांनी अभ्यासले होते. आयुष्यभर ते सारंगीही वाजवीत. इतक्या संस्कारांचा माणूस एका माध्यमात मावला नाही, हे स्वाभाविकच झाले.

त्यांचे समकालीन वासुदेव गायतोंडे याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे आहेत. त्यांचे मुख्य माध्यम एकच, तैलरंग. पण तो चढविताना आणि उतरविताना त्यांनी रोलर, सुरी आणि मासिकांचे, वर्तमानपत्रांचे फाडलेले कागद वापरले. कागद येथे साधन म्हणून आला, काम करून निघून गेला आणि आपल्या कडांची खूण तेवढी मागे ठेवून गेला. सामंत वस्तू ठेवतात, गायतोंडे वस्तू काढून घेतात. तरी दोघांच्या चित्रात डोळा पृष्ठावर थांबत नाही, आत आत जातो. तिसरे नाव शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जी यांचे. वयाच्या पन्नाशीनंतर दृष्टी पूर्ण गेल्यावर त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांनी कडा चाचपून चिकटचित्रे केली. ज्याला रेखाटन जमत नाही तो कागद चिकटवितो, या समजुतीला याहून अधिक काही उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

५

एवढी बाजू मांडल्यावर विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. आज प्रदर्शनांतून थरांचे जे काम दिसते त्यातील बरेचसे केवळ जमवाजमव असते. सोनेरी वर्ख, टपालाचे शिक्के, जुन्या पत्राचा तुकडा आणि वर चहाच्या पाण्याचा डाग, एवढ्या साहित्यावर एका दुपारी शंभर वर्षांची कळा आणली जाते. ही उसनी पुरातनता आहे. काळाने जे करावयाचे ते ब्रशाने करून दाखविण्याची ती नक्कल आहे. पारखण्याची एक साधी कसोटी सांगतो. चित्रातील एक थर मनातल्या मनात काढून पाहावा. चित्र कोसळत असेल तर तो थर आवश्यक होता; काहीच बिघडत नसेल तर तो केवळ सजावट होता. याच ओघात एक विनंतीही करतो. मोडी लिपीतील अस्सल कागद रद्दीच्या भावात मिळाला म्हणून तो कापून चित्रात घालू नये. वाचता येत नाही म्हणून जो कागद नक्षीसारखा दिसतो तो कोणाच्या तरी वतनाचा, कर्जाचा किंवा वाटणीचा दस्तऐवज असतो. त्याची छायाप्रत चित्राला पुरते, मूळ कागदाची जागा दप्तरखान्यात आहे.

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा, आणि त्यासाठी पुन्हा अजिंठ्याला जावे लागते. ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह तेथील चित्रांच्या नकला केल्या. त्या काळात चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढले. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटणारे रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी लाखेचे लेप दिले. हेतू निर्मळ होता. परंतु लाख कालांतराने पिवळी-तपकिरी पडली, तिने धूळ धरली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे वर्षानुवर्षे तो संरक्षक थरच हलक्या हाताने उतरवीत बसावे लागले. जो थर खालच्याचा स्वभाव न ओळखता चढविला जातो तो रक्षणासाठी असला तरी भार होतो. आणि वर काय घातले होते याची बिनचूक नोंद हाताशी असेल तरच तो उतरविणाऱ्याचे काम निम्मे होते.

आपल्या आजच्या चित्रांची याबाबतीत काय स्थिती आहे? प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर ‘मिश्र माध्यम’ एवढे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. त्या दोन शब्दांखाली मैद्याची खळ आहे की फेव्हिकॉल, तैलरंग आहे की एनॅमल, हातकागद आहे की वर्तमानपत्र, हे चित्रकाराच्या पश्चात कोणीही सांगू शकणार नाही, आणि पन्नास वर्षांनी त्या चित्राला तडा गेला म्हणजे दुरुस्ती करणारा अंदाजाने औषध देईल. म्हणून सभेतील तरुण चित्रकारांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की चित्र पूर्ण झाले म्हणजे त्याच्या पाठीवर तारीख घालावी आणि तळापासून वरपर्यंत कोणते थर कोणत्या क्रमाने, कोणत्या चिकटद्रव्याने चढविले ते पेन्सिलीने स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावे. कलाशाळांनी ही नोंद परीक्षेच्या गुणांत धरावी आणि संग्रहालयांनी ती असल्याखेरीज मिश्र माध्यमाचे चित्र दाखल करून घेऊ नये. या कामाला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. लागतात ती पाच-दहा मिनिटे, आणि ती प्रत्येकाने द्यावीत.